थाई रेस्टॉरंटमधला सुशी बार: काय मागवावं, कधी मागवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातले सहा जण एका थाई रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाणार आहेत आणि तिथे सुशी बारही आहे. सासूबाई शाकाहारी, जाऊबाई गरोदर, मुलाला कोळंबीची ॲलर्जी. बाकीचे तिघं काहीही खाणारे, पण सुशी कुणीच कधी चाखलेली नाही. काय मागवावं, कच्चा मासा बिनधोक असतो का, आणि थाई नि जपानी एकाच ठिकाणी म्हटल्यावर धड हेही नाही आणि तेही नाही असं तर होणार नाही ना?

अशा जागी मी आधी वोकवर, म्हणजे मोठ्या आचेच्या खोलगट कढईवर, आणि नंतर फ्लोअरवर, म्हणजे टेबलांवर वाढायला, बरीच वर्षं काम केलंय, म्हणून शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. शंका रास्त आहे. एका स्वयंपाकात आग, खलबत्ता, चिंच, मिरची. दुसऱ्यात सुरी, भात आणि थंडावा. ही जोडी जमली ती धंद्याच्या हिशेबानं. सुशी काउंटरला शेगडी लागत नाही, धूर ओढणारा मोठा हूड लागत नाही; एक काचेचं शीतकपाट, एक ओटा आणि एक तयार हाताचा माणूस पुरतो. शिवाय एका प्लेटमागे सुटणारे पैसे नूडल्सपेक्षा जास्त. थाई सरकारनं 2002 पासून परदेशात थाई रेस्टॉरंटं वाढावीत म्हणून पद्धतशीर मोहीम चालवली, त्यातून थाई जेवण जगभर पोचलं. सुशी तर त्याआधीच पोचली होती. आणि खुद्द थायलंडमध्ये आज 5,000 हून जास्त जपानी रेस्टॉरंटं आहेत, म्हणजे थाई मालकाला सुशी काही परकी नसते. त्यामुळे नुसती पाटी बघून नाक मुरडू नका. काही ठिकाणी दोन्ही बाजू उत्तम असतात. बहुतेक ठिकाणी एक बाजू खरी आणि दुसरी जोडीला ठेवलेली असते, आणि आत शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत खरी कुठली ते ओळखता येतं.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. इथे दोन स्वयंपाकघरं आहेत, दोघांचा वेग वेगळा आहे आणि टेबल एकच आहे. वेटरनं ऑर्डर मशीनमध्ये टाकली की केओटी, म्हणजे स्वयंपाकघरासाठीची ऑर्डरची चिठ्ठी, दोन प्रिंटरवर निघते, एक आत वोकपाशी, एक बाहेर सुशी काउंटरवर. दोघांचं एकमेकांशी बोलणं नसतं. गर्दीच्या वेळी वोकवाला तुमच्या नूडल्स पाच-सात मिनिटांत काढून मोकळा होतो, आणि तिकडे सुशी शेफपुढे चिठ्ठ्यांची माळ लटकलेली असते. तो एकटा, आणि प्रत्येक तुकडा हातानं घडवायचा. मग होतं काय, आधी झणझणीत पपई सॅलड येतं, नूडल्स येतात, पोरं निम्मी जेवून होतात आणि मग नाजूक चवीचा मासा टेबलावर अवतरतो. मिरची, फिश सॉस आणि लिंबानं जीभ बधिर झाल्यावर त्या माशाची चव कळणार कशी? म्हणून बसल्याबसल्या फक्त सुशीची ऑर्डर द्या. ती टेबलावर आली की थाई ऑर्डर द्या. वेटर म्हणेल, सगळं एकदम सांगा, सोपं पडेल. सोपं त्याला पडेल. गोड बोलून सांगा की दोन टप्प्यांत देतो. कुठल्याही बऱ्या कॅप्टनला यात काही वावगं वाटत नाही.

ऑर्डर देण्याआधी कुणीतरी एकानं उठून सुशी काउंटरपाशी एक चक्कर मारावी. शेफ तिथे उभा आहे का, की आतून कुणीतरी हात पुसत येतंय? शीतकपाटात माशाचे ठोकळे नीट झाकलेले आहेत, की कडा सुकून काळपट पडल्यात आणि तळाशी पाणी साचलंय? वास यायलाच नको. काउंटरपाशी मासळीचा वास आला तर तिथूनच मागे फिरा आणि थेट थाई मेनू उघडा. मग शेफचे हात बघा. चांगला शेफ दर दोन-चार कापांनंतर ओल्या फडक्यावर सुरी पुसतो. निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा काप, करताना बोटं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवतो, एक टाळी वाजवून जास्तीचं पाणी झटकतो आणि झाकलेल्या डब्यातून भाताचा गोळा घेतो. डब्याला झाकण कशासाठी? तर सुशीचा भात अंगाच्या उबेइतका कोमट राहावा म्हणून. तो फ्रिजमध्ये ठेवला की स्टार्च कडक होतो आणि दाणे चुरचुरीत लागतात. आणखी एक गोष्ट ताडून बघा: माशांचे प्रकार किती आणि गिऱ्हाईक किती. वीस प्रकारांचे मासे आणि सुशी खाणारी दोनच टेबलं असतील तर तो माल कधीचा असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा. पाच-सहाच प्रकार आणि काउंटरवर लगबग, हे मला केव्हाही जास्त भरवशाचं वाटतं.

पहिल्या फेरीत दोन-तीन प्रकारांपलीकडे जाऊ नका. कच्चा मासा खाणाऱ्या तिघांसाठी सॅमन निगिरी आणि ट्यूना निगिरी, सोबत शिजवलेल्या पदार्थाचा एक रोल, म्हणजे भातात गुंडाळून कापलेली वळकटी. भात कोमट हवा, उचलताना सुटता कामा नये आणि तोंडात गेल्यावर दाणा-दाणा मोकळा झाला पाहिजे. तसं झालं तर दुसरी फेरी बिनदिक्कत मागवा. भात थंडगार आणि दगडासारखा निघाला तर सुशी तिथेच थांबवा. मासा ताजा आहे की नाही हे नवख्याला कळेलच असं नाही, पण भात कुणालाही कळतो. आणि ज्या शेफला भाताची पर्वा नाही त्याला माशाची असेल असं मी तरी धरून चालत नाही.

आता कच्च्या माशाच्या भीतीविषयी. इथे लोक दोन वेगळे धोके एकात एक मिसळतात. पहिला धोका परजीवींचा, मुख्यतः अनिसाकिस नावाच्या कृमीचा. त्यावर उपाय म्हणजे मासा खोल गोठवणं. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाचा, नियम उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस, किंवा उणे 35 अंशांना गोठवून त्याच तापमानाला 15 तास, असा आहे. म्हणजे सुशीचा बराचसा मासा आधी गोठवलेला असतो आणि तो तसा असणंच बरं. ‘आमच्याकडे फ्रोझन काही नाही’ असं कुणी छाती फुगवून सांगितलं तर मी तरी खूश होत नाही. मोठ्या ट्यूनामध्ये हा धोका कमी, म्हणून नियमांत त्याला सूट आहे. खाद्याच्या गोळ्यांवर वाढवलेल्या सॅमनलाही तशी सूट मिळते. समुद्रातला जंगली सॅमन जपानमध्ये पूर्वी कच्चा खात नसत. 1980 च्या दशकात नॉर्वेनं आपला शेतीतला सॅमन तिथे सुशीसाठी खपवायची मोहीम काढली आणि तिथून पुढे तो सुशीचा चेहराच होऊन बसला. मेनूवर ‘सुशी ग्रेड’ लिहिलेलं दिसेल. अमेरिकेत तरी त्या शब्दांना कायद्यात व्याख्या नाही, विकणाऱ्यानं स्वतःच दिलेलं ते प्रशस्तिपत्र आहे. गोड्या पाण्यातला मासा मात्र कच्चा कुठेच खाऊ नका.

दुसरा धोका जिवाणूंचा आणि थंडी तुटण्याचा. ट्यूना आणि बांगड्याच्या जातीचे मासे बर्फाबाहेर राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही आणि गोठवूनही नाही. खाताना जिभेला मिरमिरल्यासारखं किंवा चुरचुरल्यासारखं वाटलं तर घास बाजूला ठेवा आणि वेटरला सांगा. आणि मेनूवर ‘व्हाइट ट्यूना’ दिसला तर तो आल्बाकोर, म्हणजे ट्यूनाचीच एक जात, आहे का, एवढं विचाराच. त्या नावाखाली बऱ्याचदा एस्कोलार नावाचा मासा खपवतात. लोण्यासारखा लागतो, पण त्यातलं मेण माणसाला पचत नाही आणि थोडं जास्त खाल्लं की रात्र संडासात जाते. जपानमध्ये त्याच्या विक्रीला बंदी आहे.

जाऊबाईंना कच्चं काही देऊ नका, इथे तडजोड नाही. मासा गोठवला म्हणजे परजीवी मरतात, लिस्टेरिया नावाचा जिवाणू मरत नाही, आणि गरोदरपणात भीती त्याचीच जास्त. याच कारणासाठी स्मोक्ड सॅमनचे रोलही नकोत. तो धूर थंड असतो, मासा शिजलेला नसतो. फिलाडेल्फिया नावाचा जो क्रीम चीज घातलेला रोल असतो, त्यात बहुधा हाच सॅमन असतो. पण म्हणून त्यांनी सुशी बघत बसायची गरज नाही. उनागी, म्हणजे भाजून गोडसर सॉस लावलेली ईल, पूर्ण शिजलेली असते. तामागो म्हणजे अंड्याचं थरांचं ऑम्लेट. एबी म्हणजे उकडलेली कोळंबी, पण तुमच्या टेबलावर ती नकोच. शेफला आधीच सांगा की हा रोल गरोदर बाईंसाठी आहे, फळी आणि सुरी धुऊन घे. काउंटरवरच्या माणसाला ही विनंती रोज कुणी ना कुणी करत असतं, संकोचायचं काही कारण नाही. त्यांच्यासाठी थाई भाग जास्त मोकळा. गरमागरम, समोर शिजलेलं.

सासूबाईंचं प्रकरण वरवर सोपं दिसतं आणि आतून सगळ्यात किचकट आहे. थाई मेनूवर ‘व्हेज’ लिहिलेली करी पुष्कळदा फक्त भाज्या घातलेली करी असते. करीच्या वाटणात गवती चहा, गलांगल, मिरची, कोथिंबिरीची मुळं यांच्या जोडीला कापी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. वाटण आधीच तयार असतं, त्यातून कापी वेगळी काढता येत नाही. वर फिश सॉस. परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस, म्हणजे शिंपल्यांचा सॉस. म्हणून ‘यात मांस आहे का’ असं विचारू नका, कारण ‘नाही’ हे उत्तर खरंच असतं. विचारायचं ते असं: करी पेस्टमध्ये कोळंबी आहे का, बिनाकोळंबीची वेगळी पेस्ट ठेवता का, आणि फिश सॉसऐवजी सोया सॉस घालाल का? थाई स्वयंपाकात ‘जे’ नावाचा कडक शाकाहाराचा प्रकार आहे, त्यात कांदा-लसूणही चालत नाही; थाई स्वयंपाकी असेल तर हा एक शब्द पुरतो. सुशीकडे काकडीचा काप्पा माकी किंवा ॲव्होकाडो रोल बिनघोर घ्या. मिसो सूप मात्र शाकाहारी समजू नका. त्याचा मूळ रस्सा, दाशी, बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो. इनारी म्हणजे टोफूच्या गोडसर पिशवीतला भात. तोही त्याच रश्श्यात शिजवतात. तामागोमध्येही दाशी असू शकते, आणि टेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेले तुकडे, त्यासोबतच्या पातळ सॉसमध्ये तर ती असतेच.

मुलाच्या ॲलर्जीबद्दल टेबल बुक करतानाच सांगा, आणि बसल्यावर पुन्हा सांगा. ‘कोळंबी नको’ असं म्हणू नका, ‘कोळंबीची ॲलर्जी आहे’ असंच म्हणा. आतल्या माणसासाठी या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तो वरून कोळंबी घालायची टाळतो, दुसऱ्यात वोक धुतो. कोळंबी जिथे दिसत नाही तिथेच ती जास्त असते. पॅड थाईच्या नूडल्समध्ये आणि सोम ताममध्ये, म्हणजे कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये, वाळवलेली बारीक कोळंबी पडते. सोम ताम त्याच मातीच्या किंवा लाकडी खलात कुटतात जिथे दिवसभर सुकी कोळंबी कुटलीय, त्यामुळे ‘त्याचं बिनाकोळंबीचं द्या’ म्हणून भागत नाही. टॉम याम हे आंबट-तिखट सूप चिकनचं मागवलं तरी त्यात नाम प्रिक पाओ ही भाजक्या मिरचीची पेस्ट असते, आणि तिच्यात बहुधा सुकी कोळंबी. काजू-चिकनमध्येही तीच पेस्ट पडते. साटेबरोबरची, म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाबरोबरची, शेंगदाण्याची चटणी लाल करी पेस्टवर बेतलेली असते. टेंपुराचं तेल एकच, त्यात कोळंबी तळून झालेली. मुलासाठी मी पॅड सी इव निवडेन: रुंद भाताच्या नूडल्स, सोया सॉस, अंडं, चिकन, हिरवी पालेभाजी, धुतलेल्या वोकमध्ये केलेल्या. नाहीतर भाजलेलं चिकन, गाय यांग, चिकट भातासोबत. ऑयस्टर सॉस शिंपल्यांचा, म्हणजे जात वेगळी. पण कोळंबी न चालणाऱ्या काहींना शिंपलेही चालत नाहीत. मुलाचं काय ते त्याच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि औषध खिशात ठेवूनच निघा. सुशी काउंटरवर सुरी आणि फळी एकच असते, म्हणून ॲलर्जी तीव्र असेल तर त्याला त्या दिवशी सुशी देऊच नका. वेटर गोंधळलेला दिसला आणि ‘चालेल चालेल’ म्हणाला तर मॅनेजरला बोलवा.

थाई जेवण मधोमध ठेवून सगळ्यांनी वाटून खायचं असतं, म्हणून माणशी एक डिश असा हिशेब करू नका. सहा जणांना एक सूप, एक करी, एक परतलेली डिश, एक नूडल्स, एक भाजी आणि पांढरा भात पुरेसा होतो. त्यात सासूबाईंची आणि मुलाची डिश वेगळी, स्वतःच्या चमच्यासकट. सूप टॉम खा घ्या, नारळाच्या दुधातलं. तिखट कमी, आणि नाम प्रिक पाओ घालू नका म्हटलं तर बहुतेक ठिकाणी चालतं. करी मसामान किंवा पानांग. मसामानमध्ये बटाटा, शेंगदाणे, दालचिनी-वेलची, नवख्यांना पटकन आवडते. करी आली की वर तेलाचे रंगीत थेंब तरंगताना दिसायला हवेत. घट्ट नारळाचं दूध तेल सुटेपर्यंत आटवून त्यात वाटण परतलंय, याची ती खूण. सगळं एकसारखं गुळगुळीत गुलाबी दिसलं तर डब्यातलं दूध आणि पेस्ट नुसतं ढवळून उकळलंय, हे ओळखा. पॅड थाई चिंच आणि ताडगुळानं तांबूस-तपकिरी होते. लालभडक दिसली तर केचपची बाटली आत उघडी आहे.

वोकवरच्या माणसाचं एक गुपित सांगतो. एकाच नूडल्सच्या पाच-सहा प्लेटा एकदम मागवू नका. गर्दीत त्या सगळ्या एका वोकमध्ये एकत्र पडतात, वोक थंड होतो, नूडल्स परतायच्या ऐवजी वाफवल्या जातात आणि लगदा होतो. दोन प्लेटांपर्यंत धूर आणि आच टिकते. आणखी हव्या असतील तर पहिल्या संपल्यावर सांगा.

तिखटाबद्दल ‘मीडियम’ हा शब्द बिनकामाचा आहे. प्रत्येक स्वयंपाक्याचं मीडियम वेगळं. शिवाय करीचं तिखट बदलताच येत नाही, कारण ते वाटणातच आहे; फार तर नारळाचं दूध वाढवून मिळेल. परतलेले पदार्थ आणि सोम ताम मात्र समोर बनतात, तिथे ‘मिरची एकच घाला’ असं आकड्यात सांगता येतं. आधी सौम्य मागवा आणि टेबलावरच्या चार वाट्यांतून, म्हणजे मिरचीपूड, साखर, मिरचीचं व्हिनेगर आणि फिश सॉसमधून, आपापल्या ताटात जुळवून घ्या. ते चारही मुळात त्यासाठीच ठेवलेले असतात. फिश सॉसच्या वाटीला सासूबाईंचा हात लागणार नाही एवढं बघा. जीभ भाजली तर पाणी पिऊ नका, भात किंवा नारळाच्या दुधाचा घोट घ्या.

खायच्या रीतींचा फार बाऊ नको. थाई जेवण उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, काट्यानं चमच्यावर ढकलायचं. चॉपस्टिक फक्त रस्सेदार नूडल्सना. निगिरी सरळ हातानं उचला, उलटी करून माशाची बाजू सोया सॉसला टेकवा. भात बुडवला की तो फुटतो आणि नुसता खारट लागतो. आल्याचे गुलाबी काप दोन घासांच्या मध्ये खायचे, वर ठेवून नव्हे. वासाबी म्हणून येणारा हिरवा गोळा बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग असतो, त्यामुळे त्याबद्दल फार हळवं होऊ नका.

स्पायसी ट्यूना रोलचा मोह होईल. तो ट्यूनाच्या कापणीतून उरलेल्या तुकड्यांचा मेयॉनेज-मिरची घालून केलेला खिमा असतो. चांगल्या काउंटरवर त्यात वावगं काही नाही, पण जिथे माशाबद्दल मनात शंका आली तिथे तो सर्वात आधी वगळा. सॉसखाली वास आणि वय दोन्ही लपतात.

शेवटी मँगो स्टिकी राइस घ्यायचा असेल तर भात कोमट आहे का आणि आंबा ताजा आहे का, एवढं विचारून घ्या. उरलेली करी आणि भात बांधून घ्या, दुसऱ्या दिवशी नीट गरम करून छान लागतात. पॅड सी इवही चालते. निगिरी आणि कच्च्या माशाचे रोल मात्र बांधून नेऊ नका. बाहेर ठेवलं तर मासा नासतो, फ्रिजमध्ये ठेवलं तर भात दगड होतो, आणि गरम तर करताच येत नाही. म्हणून सुशी आधी आणि बेतानं मागवा, उरू द्यायची असेल तर करी उरू द्या.